प्लास्टिक नसलेला मिक्सर, केटल लोकांना खरंच हवीये का, हे विचारायचं कसं?

तुमचा प्रश्न असा की घरातल्या उपकरणांमध्ये प्लास्टिकऐवजी स्टील, काच, सिरॅमिक वापरलं तर लोक घेतील का यावर प्रोजेक्ट करताय, ऑनलाइन फॉर्म पाठवलात आणि जवळपास सगळ्यांनी 'हो, नक्की घेऊ' लिहिलं, आता या उत्तरांचं करायचं काय. मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन लोकांना वस्तूंबद्दल विचारायचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती सगळी 'हो' बाजूला ठेवा. लोक खोटं बोलत नाहीयेत, पण 'प्लास्टिक कमी झालेलं आवडेल का' असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? 1 ते 5 ची पट्टी दिली तरी तेच, कारण 5 वर टिक करायला काही सोडावं लागत नाही. दुकानात मात्र सोडावं लागतं, पैसे, वजन, कधी रंग, कधी वॉरंटी.

दुसरं म्हणजे तुमच्या फॉर्ममधला 'प्लास्टिक-फ्री' हा शब्द. एका घरी मी एका ताईंना विचारलं की पाणी गरम करायला काय वापरता, त्या लगेच म्हणाल्या, 'आमच्याकडे स्टीलचीच केटल आहे, प्लास्टिक मी आणतच नाही.' म्हटलं जरा दाखवता का. त्यांनी केटल आणली, झाकण उघडलं. झाकणाची आतली बाजू काळ्या प्लास्टिकची, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी प्लास्टिकची, तोटीजवळच्या जाळीची चौकट पण प्लास्टिकची. त्यांनी झाकणाच्या आत बोट फिरवलं, तिथे वाफेचं पाणी साचलेलं होतं, थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत आणि मग म्हणाल्या, 'म्हणजे हे पाणी परत आतच पडतं ना?' मला त्या दिवशीच्या सगळ्या फॉर्मपेक्षा या एका वाक्यातून जास्त कळलं. बाहेरचं हँडल, खालचा बेस, वायर याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या डोक्यात प्लास्टिक-फ्री म्हणजे गरम पाण्याला प्लास्टिक लागता कामा नये, एवढंच.

म्हणून प्रश्न विचारायच्या आधी तुम्ही स्वतः उपकरण उघडून बघा, प्लास्टिक कुठे कुठे आणि कशासाठी आहे ते. वायरवरचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं, सर्किट बोर्ड बऱ्याचदा काचेचे धागे आणि इपॉक्सीचा, फ्रिजच्या भिंतीत पॉलियुरेथेनचा फोम, वॉशिंग मशीनचा ड्रम स्टीलचा दिसतो पण त्याच्या बाहेरचा पाणी धरणारा टब बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा. यातलं पुष्कळसं विजेपासून आपल्याला वाचवायला किंवा थंडावा धरून ठेवायला आहे, ते काढा म्हणणं सोपं नाही. आणि काही गोष्टींना लोक प्लास्टिक मानतच नाहीत. बेकेलाइटचं काळं हँडल बघून कित्येक जण म्हणतात हे प्लास्टिक नाही, आणि ते तर 1907 मध्ये लिओ बेकलंडने बनवलेलं पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक! सिलिकॉनच्या रिंगवरून एकाच घरात दोन मतं निघतात. नॉनस्टिकचा थर पण बहुतेक वेळा प्लास्टिकच, पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो ते. 'बीपीए-फ्री' स्टिकरचा तर पार गोंधळ आहे, त्याचा अर्थ बिसफेनॉल-ए हे एक रसायन नाही इतकाच, भांडं प्लास्टिकचंच असू शकतं, पण लोक ते 'प्लास्टिक नाही' असं वाचतात. 'या स्टिकरवरून तुम्हाला काय कळलं' हा प्रश्न पर्याय न देता, मोकळा विचारा.

मी काय करते, तर सुट्या भागांचे फोटो छापून घेते, झाकण, जार, हँडल, बटण, वायर, आतला फोम, आणि लोकांना ते टेबलावर लावायला सांगते, इथे प्लास्टिक अजिबात नको, इथे चालेल, इथे काही फरक पडत नाही. लावताना ते काय बोलतात ते लिहून घ्या, खरा माल तिथे आहे. कारण 'प्लास्टिक नको' याच्या मागे वेगवेगळ्या गोष्टी निघतात: कोणाला तब्येतीची काळजी, कोणाला वास येतो, पिवळं पडतं, कोणाची क्लिप दोनदा तुटलेली असते, कोणाला ते हलक्या दर्जाचं वाटतं, आणि कोणाला खरोखर कचऱ्याचं वाईट वाटतं. ही सगळी उत्तरं एका आकड्यात कोंबलीत तर हातात काहीच उरणार नाही. क्लिप तुटलेल्या माणसाला चांगलं जाड प्लास्टिक दिलं तरी तो खूश आहे, तब्येतीची काळजी असलेल्याला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

मग निवड करायला लावा. दोन-तीन मिक्सर समोर ठेवा, कागदावर चालतील पण खरे असले तर फारच उत्तम: एकाचा जार काचेचा पण जड, एकाचा स्टीलचा पण आतलं दिसत नाही, एकाचा पारदर्शक प्लास्टिकचा, हलका आणि स्वस्त. आणि 'यातलं काहीच घेणार नाही' हा पर्याय ठेवाच, तो नसला की माणूस उगाच कशावर तरी बोट ठेवतो. किंमत, वजन, वॉरंटी बदलून अशा जोड्या पुन्हा पुन्हा दाखवल्या की प्लास्टिक टाळायला माणूस नेमकं काय सोडतो ते दिसतं, याला कॉन्जॉइंट अ‍ॅनालिसिस म्हणतात, मार्केट रिसर्चमध्ये 1970 च्या दशकापासून वापरतात. काचेचा जार हातात द्या. मनगट वाकलं की 'काचच बरी' म्हणणारे बरेच जण दुसऱ्याकडे वळतात, हे मी स्वतः पाहिलंय, आणि वयस्कर लोकांमध्ये जास्त.

एक चूक मी सुरुवातीला केली ती तुम्ही करू नका. पर्यावरणाला चांगलं असं आधीच सांगून मग मत विचारायचे मी. एक तर त्याने उत्तर वाकतं, आणि ते दर वेळी खरंही नसतं. स्टील बनवायलाही भरपूर ऊर्जा लागते आणि केटलसारख्या वस्तूत वर्षानुवर्षं जळणारी वीज हाच मोठा भार असतो.

शक्य झालं तर रिपेअरवाल्यांनाही भेटा. बऱ्याच मिक्सरमधला कपलर, म्हणजे मोटर आणि जारचं ब्लेड जोडणारा छोटा भाग, मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, ब्लेड अडकलं तर तो झिजावा आणि मोटर वाचावी म्हणून. लोकांचा मात्र त्यावरच राग असतो, 'बघा, प्लास्टिक घातलं म्हणून तुटलं.' असा राग तुमच्या आकड्यांत प्लास्टिकविरोध म्हणून मोजला जातो.

फॉर्म परत पाठवायच्या आधी पाच-सहा घरी जाऊन या, 'मागच्या वेळी घेतलंत तेव्हा काय काय बघितलंत' इथून सुरुवात करा आणि वस्तू उघडून दाखवायला सांगा. परवानगी घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो काढा, बाहेरून सगळ्या केटल स्टीलच्याच दिसतात.