विज्ञान, इतिहास, समाज सगळ्याचंच कुतूहल आहे. खेड्यात राहून वाचायला सुरुवात कोणत्या पुस्तकांनी करू?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. झालंय, वाशीमजवळ शेती बघता आणि पुस्तकांचं दुकान आसपास नाही. मीही बुलडाण्याकडच्या खेड्यातलाच, म्हणून वाचनालयात मिळू शकेल तेवढंच सांगतो.

साऱ्या मानवजातीचा इतिहास एका दमात सांगणारे जाडजूड अनुवाद सध्या राहू द्या. आधी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' घ्या. बाई मानववंशशास्त्रज्ञ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाभारतावरचे सुटे लेख आहेत, कुठूनही वाचता येतात. मी म्हणेन, 'मयसभा' पहिले वाचा. अग्नीला अजीर्ण झालं म्हणून कृष्णार्जुनांनी त्याला खांडववन खाऊ घातलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाईंना त्यात दिसतं ते जमिनीसाठी जाळलेलं रान, आणि पळू पाहणारे प्राणी अन् नाग यांना चहूबाजूंनी अडवून केलेला संहार. वावर वाढवायला कधी झुडपं पेटवली असतील, तर ती पानं भरभर उलटत नाहीत.

त्यावर लगेच मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा'. वनखात्यातला माणूस, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हे त्यांचं रान. आदिवासींनी सांगितलेलं आणि संस्कृत ग्रंथांत सापडलेलं ते सारख्याच आदरानं घेतात. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली तर जंगलाचा प्रश्न नुसता पर्यावरणाच्या धड्यातला राहत नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' मात्र सलग वाचू नका. जो मराठी महिना चालू असेल त्याचाच लेख काढा.

आकाशासाठी नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते', शास्त्रज्ञांसाठी अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार'. दोन्ही सोपी आहेत.

आता लोणारचं सरोवर. तुमच्यापासून फार लांब नाही, आणि एवढ्या विषयांना एकदम हात घालता येईल अशी दुसरी जागा आपल्या भागात मला तरी माहीत नाही. पूर्वी त्याला ज्वालामुखीचं विवर समजत. १९७३ साली खडकांतले आघाताचे पुरावे प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताचं मत पक्कं झालं. वयावर मात्र एकमत नाही: एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसरीनं सुमारे ५ लाख ७० हजार. एवढा फरक का पडतो, हे शोधत गेलात की खडकाचं वय काढतात कसं ते आपोआप कळेल. शिवाय लवणासुर राक्षसाची कथा आणि दैत्यसूदनाचं, म्हणजे विष्णूचं, देऊळ आहेच. अशा शोधाशोधीला मराठी विश्वकोश ठेवा. तो मोबाईलवर फुकट वाचता येतो.

यातलं पुस्तक वाचनालयात नसेल तर ग्रंथपालांना मागणी लेखी द्या. अनुदान मिळणाऱ्या वाचनालयांना पुस्तकखरेदी करावीच लागते. कोणी काही मागितलंच नाही तर कपाटात कादंबऱ्यांचीच भर पडते.