तालुक्याच्या गावी राहून जागतिक आरोग्य-आढाव्यांत भाग घेता येतो का?

जळगाव जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नोकरी करून कॉक्रेनसारख्या, एकाच उपचारावरच्या अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय आढाव्यांत भाग घेता येतो का आणि आपल्यासारख्यांच्या तिथे असण्याने काही फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. मी चोपड्याला औषधाचे दुकान चालवतो आणि रात्री दुकान बंद केल्यावर तासभर हे काम करतो. भाग घेता येतो, एवढे पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे.

दुसऱ्यासाठी एक उदाहरण देतो. अकाली प्रसूतीची चिन्हे दिसणाऱ्या मातेला स्टेरॉईडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे सांगणारी चाचणी १९७२ साली न्यूझीलंडमधून प्रसिद्ध झाली. तिच्यासह सात चाचण्या एकत्र मांडल्यावर जे चित्र उमटले, तेच १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेनचे बोधचिन्ह झाले. मात्र तो पुरावा मुख्यतः सुसज्ज रुग्णालयांतला होता. २०१५ मध्ये सहा देशांतल्या, आपल्याकडच्या नागपूर आणि बेळगाव भागांसह झालेल्या अभ्यासात हाच उपचार गावपातळीवर पोहोचवला, तेव्हा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू वाढलेले आढळले. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांच्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवून दिलेल्या औषधाने मात्र मृत्यू कमी झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्याने काम केले आहे, त्याला यातली मेख चटकन कळते, कारण ‘पाळी अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे चुकली’ एवढ्याच माहितीवर दिवस मोजावे लागत असतील, तर कोणती प्रसूती खरोखर अकाली आहे हेच ठरत नाही. आढाव्याचा मसुदा वाचताना ही शंका काढणारा माणूस तिथे हवा.

सुरुवात कॉक्रेन क्राउडपासून, म्हणजे कॉक्रेनच्या स्वयंसेवकांसाठीच्या संकेतस्थळापासून करावी. तिथे एखाद्या संशोधन-लेखाचा गोषवारा वाचून, तो चिठ्ठी टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडून केलेल्या चाचणीचा आहे की नाही, एवढेच सांगायचे असते. एकाच नोंदीवर अनेकांची मते जुळल्याखेरीज निर्णय होत नाही, म्हणून नवख्याच्या चुकीने काम बिघडत नाही. पदवीची अट नाही, शुल्क नाही आणि मानधनही नाही. इंग्रजी बेताचे असल्याची आपली काळजी मलाही होती, पण गोषवाऱ्यांची भाषा इतकी ठरावीक असते की, काही आठवड्यांत ती अंगवळणी पडते. लेखक म्हणून नाव लागावे अशी घाई मात्र करू नये, कारण एक आढावा पुरा व्हायला वर्षाहून अधिक काळ सहज लागतो आणि अर्ध्यावर सोडून जाणाऱ्याचा भार इतरांवर पडतो. नोंद वाचूनही उलगडा झाला नाही, तर अंदाजाने ठोकून न देता ‘नक्की सांगता येत नाही’ हा पर्याय निवडावा. अशा नोंदी अनुभवी माणसे पुन्हा तपासतात.