जिथे चुकलं, तिथेच

प्रिय मुली,

परवा दादरच्या पुलावर तू मला गाठलंस आणि भर गर्दीत उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झालीस. परक्या देशातल्या पुराचा जुना व्हिडिओ तुमच्या पोर्टलवर ‘कुर्ल्यात हाहाकार’ म्हणून दोन तास चालला. शंका तुलाच आली, शोधून तूच काढलंस. वरिष्ठ म्हणाले, गुपचूप काढून टाक, बोभाटा नको. तू काढलास. आणि आता विचारतेस, सर, हे सोडून फॅक्ट-चेकवाल्यांकडे जाऊ का?

जायचं तर जा. पण त्याआधी एक काम राहिलंय. जिथे चुकलं, तिथेच दुरुस्त कर. त्याच लिंकवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

तुला हे बारीकसारीक वाटतंय ना? मलाही वाटायचं. नव्वदच्या दशकात मी रात्रपाळीला उपसंपादक होतो. परळच्या एका रेशन दुकानदाराला काळ्या बाजारात रॉकेल विकताना अटक, अशी तीन कॉलमी बातमी मी पहिल्या पानावर लावली. अटक झालेला माणूस वेगळाच होता, नाव तेवढं एक. पोलीस ठाण्यात एक फोन केला असता तर कळलं असतं. आवृत्ती सोडायची घाई होती, नाही केला. खुलासा गेला तो सहाव्या पानावर, जाहीर नोटिसांच्या खाली, चार ओळींत. मी गप्प राहिलो. दोनेक वर्षांनी त्या दुकानदाराचा मुलगा ऑफिसात आला. प्लास्टिकच्या पिशवीत आमच्या बातमीचं कात्रण जपून ठेवलेलं. बहिणीचं लग्न जमत नव्हतं, स्थळ बघायला जावं तर बातमी आधीच पोचलेली असायची. मी फाइल काढून त्याला खुलासा दाखवला. त्यांच्या घरात तो कुणीही पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. पहिल्या पानावरची चूक पहिल्या पानावरच दुरुस्त होणार. यावरून भांडलो, दोनदा बढती हुकली, शेवटी ती नोकरी सोडली. घरचे अजून म्हणतात, चार ओळींसाठी कुणी नोकरी सोडतं का? चार ओळींसाठी नव्हती सोडली गं. त्या ओळी कुठे छापायच्या, यासाठी सोडली. एवढी वर्षं समजावतोय, पटत नाही कुणाला.

डिलीट करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे तरी तुला कळायला हवं होतं! लिंक गेली, पण तो व्हिडिओ तुमच्या लोगोसकट सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. ज्याला शंका येईल तो खात्री करायला तुमच्याकडेच येणार, आणि तिथे त्याला काहीच दिसणार नाही. मग तो म्हणणार, वरून दबाव आला म्हणून काढली. म्हणजे खोटं आणखी पक्कं झालं. तेही पावसाळ्यात, या शहरात. २००५ च्या २६ जुलैनंतर दोनच दिवसांनी जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येतोय अशी अफवा उठली, लोक जीव घेऊन पळाले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. तू तेव्हा लहान असशील.

२०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं काही वाहिन्यांनी रंगवून रंगवून दाखवलं. चिप कधीच नव्हती. मे २०२३ मध्ये ती नोट मागे घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा आमच्या चाळीतल्या एकांनी मला विचारलं, त्या चिपांचं आता काय करणार? मला हसू आलं नाही. खोटं त्यांना रात्री नऊला, घरातल्या टीव्हीवर कळलं होतं. ते खोटं असल्याचं त्याच वेळी, त्याच टीव्हीवर त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तू जिथे जायचं म्हणतेस, तिथेही यातून सुटका नाही. फॅक्ट-चेक करणाऱ्यांच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत पाच तत्त्वं आहेत. त्यातलं एक स्वतःच्या चुका उघडपणे दुरुस्त करण्याचंच आहे. आणि आपण आपली चूक दुरुस्त केली नाही, तर दुसरं कुणीतरी ती लेखणी हातात घ्यायला बघतं. सरकारी कारभाराबद्दलचं काय खोटं, हे ठरवायला सरकारचाच कक्ष, अशी सोय केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून करून ठेवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. मला मनापासून आनंद झाला. पण न्यायालय काही तुझ्या डेस्कवर बसून दुरुस्ती टाइप करणार नाही.

वरिष्ठ रागावतील. रागावू देत. चूक शोधणारी तूच होतीस, हे त्यांना शांतपणे सांग. आवाज चढवू नकोस, मी चढवायचो आणि मुद्दा बाजूला राहायचा.

मजकूर मीच लिहून देतो: ‘कुर्ल्यातील पुराचा म्हणून आम्ही येथे दाखवलेला व्हिडिओ कुर्ल्याचा नाही, मुंबईचाही नाही. तो जुना असून परदेशातील आहे. न पडताळता प्रसिद्ध करणे ही आमची चूक होती.’ जुनी लिंक पुन्हा चालू कर आणि मथळ्याच्या जागी हे टाक. ‘तांत्रिक कारणाने’ वगैरे शब्द घालू नकोस. पाली हिल, परळ, पनवेल, जिथे जिथे तो गेला असेल तिथले लोक याच लिंकवर येतील.

आज रात्रपाळी आहे ना तुझी? मी जागा आहे. टाकलंस की कळव.

तुझा,
सर