रनवे हलवलास की आयएलएसही बघ

फ्लाइट सिम्युलेटरमधल्या विमानतळाचा रनवे हलवतोयस, तर आधी मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेव, मग काय हवं ते कर. आयएलएस म्हणजे विमानाला रेडिओ सिग्नलने रनवेवर आणणारी यंत्रणा. रनवे नुसता दोन अंश फिरवलास तरी लोकलायझर (आयएलएसचा डावी-उजवी दिशा दाखवणारा भाग) आपोआप फिरेलच असं नाही, तो बऱ्याचदा जुन्याच दिशेला बघत बसतो आणि मग ऑटोपायलट तुला थेट गवतात उतरवतो. लोकलायझरचा अँटेना रनवेच्या पलीकडच्या टोकामागे असतो, ग्लाइडस्लोपचा (उतरायचा कोन दाखवणाऱ्या भागाचा) मात्र अलीकडे, थ्रेशोल्डपासून, म्हणजे रनवे जिथे सुरू होतो तिथून, साधारण ३०० मीटर आत, बाजूला, नवीन माणूस इथेच गंडतो. हेडिंग (दिशेचे अंश) ट्रू, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून, टाकायचंय की मॅग्नेटिक, म्हणजे होकायंत्राच्या उत्तरेपासून, तेही बघ, रनवेचा नंबर सहसा मॅग्नेटिकवरून पडतो. टॅक्सीवेची रंगरंगोटी नंतर रे! ३ अंशांच्या स्लोपवर ५ नॉटिकल मैलांवर थ्रेशोल्डपेक्षा साधारण १६०० फूट वर असायला हवंस, नसशील तर ग्लाइडस्लोपची जागा नाहीतर उंची चुकलीये.