गाढवाचा खुराक : हात आखडता, पण उपास नको

प्रश्न : घरी एक गाढव आणि एक गाढवी पाळली आहे. दोघांना गाईचे पशुखाद्य व हिरवा चारा दोन्ही वेळा घालतो. गाढवीच्या मानेवरची वळी जाड होऊन एका बाजूला कलली आहे. हल्ली ती पुढचे पाय जपून टाकते. खाणे बंद करावे का?

उत्तर : बंद करू नका, बदला. पशुखाद्य मात्र आजच थांबवा. गाढवाचे पोट कोरड्या, निकस चाऱ्यासाठी घडलेले आहे. धान्य, गूळ, कोवळे गवत यांतल्या साखर-पिष्टाने खुराच्या आतला नाजूक थर सुजतो, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. तुमच्या गाढवीची लक्षणे त्याचीच दिसतात. शिवाय गुरांच्या व कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. गुरांना ते चालते, पण गाढवा-घोड्यांच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात.

पशुवैद्यक येईपर्यंत तिला चालवू नका. भुसा किंवा काडाचा जाड, मऊ बिछाना करून त्यावर उभी राहू द्या किंवा बसू द्या.

चाऱ्याचा हिशेब सोपा आहे. दिवसाला वजनाच्या साधारण दीड टक्का शुष्क चारा पुरतो. म्हणजे 180 किलोच्या गाढवाला 3 किलोच्या आसपास. दात चांगले असतील तर त्यात तीन वाटे गव्हाचे किंवा बार्लीचे स्वच्छ काड आणि एक वाटा वाळलेले गवत ठेवा, आणि तीन-चार वेळा विभागून घाला. बुरशीचा वास येणारी पेंढी टाकून द्या. म्हाताऱ्या, दात झिजलेल्या गाढवाला लांब काड नको. न चावलेले काड आतड्यात अडकते. त्याला बारीक चारा भिजवून द्या. स्वच्छ पाणी आणि मिठाची चाटण वीट कायम समोर असू द्या.

वजन सावकाश, काही महिन्यांत उतरले पाहिजे. पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या दाबाने बरगडी लागली की ठीक. मानेवरची वळी मात्र बरीचशी तशीच राहते, तिच्याकडे पाहून चारा आणखी कमी करू नका.

प्रश्न : जोडीतले एक गाढव मेले. दुसरे गव्हाणीशी उभे असते, पण चारा संपत नाही. दोन दिवस वाट पाहावी का?

उत्तर : अजिबात नको, आजच पशुवैद्यकाला बोलवा. पोट रिकामे राहिले की गाढवाचे शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडते. ती यकृताला पेलवत नाही आणि जनावर हातचे जाते. लठ्ठ, गाभण, दूध पाजणारी गाढवी किंवा जोडीदार गमावलेले गाढव यांना हा धोका जास्त. पहिल्या प्रश्नात खाणे तोडू नका म्हटले ते याचसाठी.

गाढव दुखणे लपवते. ते तोंडात काडी घेऊन चघळत राहते, गिळत मात्र नाही. लांबून पाहणाऱ्याला खाते आहे असेच वाटते. म्हणून गव्हाणीत उरलेला चारा आणि लीद रोज पाहा. ताप मोजा : 36.5 ते 37.8 अंश सेल्सिअस हे नेहमीचे. पोटशूळातही ते क्वचितच लोळते, नुसते कान पाडून बाजूला उभे राहते.

यापुढे कधी जोडीतले एक मेले तर दुसऱ्याला ते कलेवर हुंगू द्या. ते स्वतःहून बाजूला होईपर्यंत हलवू नका. मग जोडीदाराला शोधत फिरणे पुष्कळ कमी होते. मरण संसर्गजन्य रोगाने आले असेल तर आधी पशुवैद्यकाला विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात खुरांना घाण वास येतो.

उत्तर : ओल्या जागेमुळे खूर सडतो. रोज चारही पाय उचलून बोथट आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढा. मधल्या त्रिकोणी मऊ भागावर जोर नको. खूर धुऊन तसाच ओला सोडू नका. दर 6 ते 10 आठवड्यांनी तासून घ्या. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभट असतो, त्यामुळे घोड्याच्या मापाने तासला तर चाल बिघडते. नालबंदाला हे आधीच सांगा. अंगावरच्या केसांतूनही पाणी चटकन आत मुरते, तेव्हा तीन बाजूंनी बंद आणि कोरड्या जमिनीचा आडोसा हवाच.

धनुर्वाताची लस चुकवू नका. जंताचे औषध लीद तपासून, गरज असेल तरच द्या. सरसकट दिल्याने जंत त्याला दाद देईनासे होतात.