मीठ बघ गं

चिऊ,

काल बँकॉकच्या चायनाटाऊनमधून, याओवारातहून, परतताना मेट्रोत तू विचारलंस, "आई, यांचा उपास म्हणजे जत्रा असते. मग तुझा असा गप्प-गप्प का?" हुआ लाम्फोंग स्टेशन येऊन गेलं तरी मला उत्तर सुचलं नाही. म्हणून लिहितेय.

लागलं मला ते, पण तुझं चुकलं नाही. पिवळ्या पताका, त्यांवर लाल अक्षरात 'जे', म्हणजे इथल्या चिनी लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उपास, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कढईतून निघणारे अळकुडीचे काप. माझाही पाय निघत नव्हता. 'वाट मंगकॉन' नावाचं ते १८७१ सालचं देऊळ, उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते, आणि बाहेर गाडीवरच्या आजींनी तुला दोन काप वर घातले. कांदा नाही, लसूण नाही, दूधसुद्धा नाही. भात मात्र चालतो. आपल्याकडे दूध चालतं, भात नाही! यंदा, २०२४ला, त्यांचे आणि आपल्या नवरात्राचे नऊ दिवस ३ ऑक्टोबरलाच बसले, अमावास्या संपली की दुसऱ्या दिवशी.

कोल्हापूरच्या घरी माई नऊ दिवस कडक उपास करायची. घटाखालच्या काळ्या मातीत धान्य उगवून यायचं, रोज कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढायची, अंबाबाईला गर्दी. जत्रा आमच्याकडेही होती गं, पण घराबाहेर. घरात माई चुलीपाशी. चौदा माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, आमटी करायची, आणि स्वतः दुपारी तीनला गार झालेली भगर खायची. याओवारातला उपासकरी रस्त्यावर येतो आणि अख्खा रस्ता त्याला वाढतो. माईला कुणी वाढलेलं मला आठवत नाही. माझ्या उपासातला गप्पपणा तिथूनच आला असेल. तिला ते आवडायचं की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

पण एक आठवतं. उपासाच्या तोंडाने आमटी चाखता येत नाही, म्हणून ती मला हाक मारायची. पळीतला एक थेंब माझ्या तळहातावर टाकायची, आधी स्वतः फुंकर घालून. "मीठ बघ गं." मी चाटायचे, डोळे मिटायचे, खूप विचार केल्यासारखं करायचे. "जरा लागेल." ती चिमूट टाकायची. चौदा माणसांच्या जेवणाचं मीठ माझ्या जिभेवर! मी सात वर्षांची होते.

मी आता उठता-बसताच उपास करते, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या. तू कर असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. श्रद्धा म्हणून करते की माईसाठी, तेही मला नीट सांगता येत नाही.

शुक्रवारी त्यांचंही संपेल. त्या दिवशी माझा उपास आहे. तुझ्यासाठी आणि बाबासाठी आमटी करेन, कांदा-लसणाशिवाय. मैत्रिणींबरोबर याओवारातला जायचं असेल तर खुशाल जा. घरी असलीस तर मात्र सातच्या सुमाराला ओट्यापाशी ये. मीठ बघायला कुणीतरी लागेल.

आई