पोर्तुगीज पासपोर्ट, २७ बॉलमध्ये सेंच्युरी आणि कौंटीचं कॉन्ट्रॅक्ट

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. असोसिएट देशांचे, म्हणजे टेस्ट न खेळणाऱ्या देशांचे प्लेयर इंग्लंडच्या कौंटी टीममध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रोफेशनल टीममध्ये, कसे जातात आणि कौंटीवाले त्यांना हेरतात कसे, हेच सगळ्यांना विचारायचंय.

प्रश्न (म्हापसा): भाचा १९ वर्षांचा आहे, लेफ्ट आर्म स्पिन टाकतो. बहिणीकडे पोर्तुगीज पासपोर्टचं काम चालू आहे. तो पोर्तुगालकडून खेळला तर कौंटीत चान्स आहे का? इंग्लंडमध्ये स्विंडनला आमचे नातेवाईक आहेत.

आधी एक सांगतो, कागदांवर सही करण्यापूर्वी घरात सगळ्यांनी बसून शांतपणे बोला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा गेला आणि त्याबरोबर गोव्याकडून रणजी खेळायचा रस्ताही बंद झाला. १९ वर्षांच्या स्पिनरसाठी ही फार मोठी किंमत आहे हो.

आता कौंटीचं. पूर्वी युरोपातल्या देशाचा पासपोर्ट असला की कौंटीत ओव्हरसीज, म्हणजे परदेशी प्लेयर, धरत नसत, बऱ्याच डच प्लेयरना त्याचाच फायदा झाला. पण ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, पोर्तुगीज पासपोर्टवर नव्याने जाणाऱ्याला इंग्लंडमध्ये कामासाठी व्हिसा लागतो, शिवाय प्रोफेशनल क्रिकेटसाठी इंग्लंड बोर्डाची शिफारस लागते. आणि तो ओव्हरसीज धरला जाणार. कौंटी एका मॅचमध्ये दोनच ओव्हरसीज खेळवू शकते, त्या दोन जागांवर टेस्ट खेळलेले लोक बसलेले असतात, तिथे पोर्तुगालच्या नवीन पोराला कोण घेणार? उलट स्कॉटलंडच्या ब्रिटिश पासपोर्टवाल्या पोराची एवढी अडचण नसते, तो लोकल म्हणून खेळतो. ब्रॅड व्हील हॅम्पशरकडे आणि जॉश डेव्ही सॉमरसेटकडे वर्षानुवर्षं खेळले ते त्यामुळेच. स्काउटच्या, म्हणजे प्लेयर हेरणाऱ्याच्या, वहीत बॉलिंगच्या आधी पासपोर्टचा कॉलम असतो असं म्हटलं तरी चालेल.

पोर्तुगालकडून खेळणं वाईट नाही, देशाकडून खेळायला मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. फक्त ती कौंटीची शिडी समजू नका. त्याला पर्वरीला गोवा क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भरपूर बॉलिंग करू द्या, अंडर-२३ चं बघा आधी.

प्रश्न (फोंडा, कॉलेजचा विद्यार्थी): एस्टोनियाच्या साहिल चौहानने २७ बॉलमध्ये सेंच्युरी मारली, टी-ट्वेंटी इंटरनॅशनलचा रेकॉर्ड. मग कौंटीवाले त्याच्या मागे का लागले नाहीत?

जून २०२४, सायप्रसविरुद्ध, ४१ बॉलमध्ये नाबाद १४४ आणि १८ सिक्स. रेकॉर्ड शंभर टक्के खरा आहे आणि मला त्या पोराचं मनापासून कौतुक आहे. पण १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीच्या कुठल्याही दोन सदस्य देशांमधली पुरुषांची टी-ट्वेंटी मॅच इंटरनॅशनल धरतात आणि असोसिएट देश आहेत नव्वदच्या वर, त्यामुळे नुसता आकडा बघून काहीच कळत नाही. बघायचं असतं ते समोर बॉलर कोण होता, त्याचा स्पीड किती, बाउंड्री किती लांब, पीच मॅटचं की टर्फचं. कौंटी चॅम्पियनशिप एप्रिलच्या थंडीत सुरू होते, तिथला ड्यूक्स कंपनीचा बॉल सकाळभर स्विंग होत असतो, तिथे ऑफस्टंपच्या बाहेरचा बॉल सोडता येतो का हे सिक्सच्या व्हिडिओत दिसत नाही. बॉलर असेल तर पहिल्या स्पेलपेक्षा संध्याकाळचा तिसरा स्पेल बघावा, तेव्हाही लेंग्थ तीच पडते का.

म्हणून मी असोसिएट प्लेयरच्या बाबतीत मोठ्या टीमविरुद्धच्या मॅच वेगळ्या काढून बघतो. अमेरिकेचा सौरभ नेत्रावळकर घ्या, मुंबईकडून रणजी खेळलेला, नंतर तिकडे सॉफ्टवेअर इंजिनियर झालेला. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हरमध्ये त्याने १८ रन डिफेंड केले आणि पुढच्याच मॅचमध्ये भारताविरुद्ध कोहली आणि रोहित दोघांना काढलं. अशा दोन मॅच मला दुबळ्या टीमविरुद्धच्या ढीगभर विकेटपेक्षा जास्त सांगतात.

प्रश्न (मडगाव): असे घेतलेले प्लेयर खरंच चालले का? की नुसता एक्सपेरिमेंट?

चालले, आणि कसे चालले! नेदरलँड्सचा रायन टेन डोशाटे २००३ मध्ये एसेक्सला आला आणि २०२१ पर्यंत तिथेच होता, त्याच्या कॅप्टनशिपमध्ये एसेक्सने २०१७ मध्ये चॅम्पियनशिप जिंकली, तीही १९९२ नंतर पहिल्यांदा, मग २०१९ ला परत. वनडेमध्ये त्याचं अॅव्हरेज ६७ आहे. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये नागपूरला इंग्लंडविरुद्ध ११९ मारले तेव्हा आपल्याकडे त्याचं नाव झालं, एसेक्सने त्याला त्याच्या आठ वर्षं आधीच घेतलं होतं. त्याच्याही आधी डेन्मार्कचा फास्ट बॉलर ओले मॉर्टेन्सन १९८३ ते १९९४ डर्बीशरकडून खेळला, चारशेच्या वर फर्स्ट क्लास विकेट, आणि डेन्मार्कमध्ये क्रिकेट आहे हेच आपल्याकडे कितीजणांना माहीत असतं.

फसलेलं उदाहरण केनियाच्या कॉलिन्स ओबुयाचं. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये नैरोबीला लेगस्पिनवर २४ रनमध्ये श्रीलंकेचे पाच काढले, केनिया सेमीफायनलला गेली आणि वॉरिकशरने त्याला लगेच घेतलं. पण गुडघ्याने दगा दिला आणि काही जमलं नाही. पुढे तो बॅट्समन म्हणून उभा राहिला, २०११ मध्ये बंगळुरूला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद ९८, ही जिद्द मला फार भावते. पण कौंटीच्या बाजूने बघितलं तर एका स्पर्धेवर निर्णय घेतला गेला. दोन-तीन सीझन बघायचं, सेकंड इलेव्हनमध्ये, म्हणजे कौंटीच्या राखीव टीममध्ये, ट्रायल द्यायची, मगच सही, असं माझं ठाम मत आहे. अर्जुन तेंडुलकर २०२२ ला गोव्यात आला आणि राजस्थानविरुद्ध पहिल्याच रणजी मॅचमध्ये सेंच्युरी मारली तेव्हाही मी हेच म्हणत होतो, एका डावावरून कोणालाच डोक्यावर घेऊ नका आणि कोणाला खालीही आपटू नका.

प्रश्न (डिचोली): कौंटीत गेल्यावर त्या छोट्या देशाचं नुकसान होत नाही का?

होतं, आणि याबद्दल कोणी पुरेसं बोलत नाही. २०२३ च्या वर्ल्ड कप क्वालिफायरला नेदरलँड्सचे रोलोफ फान डर मर्व, कॉलिन अकरमन, पॉल फान मीकेरन असे बरेचजण नव्हतेच, कारण कौंटी सीझन चालू होता. डरहॅमचा बास डी लीडे मात्र होता आणि स्कॉटलंडविरुद्ध त्याने पाच विकेट काढून १२३ मारले म्हणून नेदरलँड्सवाले वर्ल्ड कपला भारतात येऊ शकले, आणि धरमशालाला साऊथ आफ्रिकेला हरवलं. पगार कौंटी देते, घर कौंटीच्या पैशावर चालतं, त्यामुळे प्लेयरला दोष देणं मला पटत नाही. पण क्वालिफायरसाठी सोडायचं हे कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिलेलं असावं, आणि ते आयसीसीने सक्तीचं करावं.

प्रश्न (साखळी): मुलींसाठी हा रस्ता आहे का?

आहे. स्कॉटलंडची कॅथरिन ब्राइस इंग्लंडमध्ये द ब्लेझ या टीमकडून खेळते, २०२४ मध्ये गुजरात जायंट्सकडून डब्ल्यूपीएल, म्हणजे आपली विमेन्स प्रीमियर लीग, खेळली, पुढच्या वर्षी तिची बहीण सारा दिल्लीकडून आली. मुलींना या दोघींची बॅटिंग दाखवा, विशेषतः कॅथरिनचा कव्हर ड्राइव्ह.